युरियारावाची मूठभर माती

"मग सांगा ना आप्पा, चुकलं कुठं?"

रंगरावानं हे तिसऱ्यांदा विचारलं.

धुळाबा आप्पानं तळहातावरची तंबाखू मळली, चिमूट दाढेखाली धरली आणि समोर बसलेल्या मेंढरांकडं बघत राहिला.

दिवस नुकता उगवला होता. हरभरा काढून मोकळ्या झालेल्या कुणाच्या तरी रानात धनगरांचा वाडा उतरला होता. हा वाडा भिंतींचा नव्हे. तीन बिऱ्हाडं, दोन घोडी, चार कुत्री आणि दोरीच्या जाळीच्या आत बसलेली तीनशे मेंढरं, एवढाच तो वाडा. त्या जाळीला वाघर म्हणतात. रात्रभर मेंढरं वाघरीत बसतात, तेवढ्या रानाला लेंडी-मूत मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी वाघर पुढं सरकते. असं करत करत सगळं रान खतवून होतं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ही रीत.

रंगराव बाबर आठ कोसांवरून मोटारसायकलवर आला होता. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. वय साठीच्या आसपास, पण चालणं अजून ताठ. बसायला आप्पानं घोंगडं दाखवलं तर ते आधी झटकून मग बसला.

आप्पा काही साधू नव्हता. मठ नाही, दाढी नाही, गळ्यात माळ नाही. कपाळाला भंडारा आणि तोंडात तंबाखू. पण चार तालुक्यांतली माणसं त्याला शोधत यायची, कारण त्याला माती कळते असा बोलबाला होता. मूठभर मातीतली चिमूट जिभेवर ठेवायचा आणि रानाला काय दुखतंय ते सांगायचा. म्हणजे, सांगितलं तर. पुष्कळदा नुसता बघायचा आणि उठून मेंढरांमागं जायचा. लोक तेही उत्तर म्हणून घरी घेऊन जायचे. आपल्याकडं न बोलणाऱ्या माणसाचा भाव नेहमीच चढा असतो.

रंगरावाला मात्र नुसतं बघणं घेऊन घरी जायचं नव्हतं.

"मी सगळं शास्त्राप्रमाणं करतो," तो म्हणाला. "पेरताना एक हप्ता, एकवीस दिवसांनी दुसरा. पाणी वेळेवर. बियाणं दरसाल नवं. गहू येतो, आप्पा. काळाभोर येतो. कमरेला लागतो. आणि दाणे भरायच्या वेळी जरा वारं सुटलं की जमिनीवर लोळतो. ओंबी चोळावी तर निम्मे दाणे पोचट. आधी एकरी एक पोतं युरिया पुरायचा. मग दोन. यंदा तीन टाकली."

"आनि?"

"आणि काय... लोळला."

आप्पानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते काही कळेना.

तीन पोती टाकणारा हा माणूस गावात साधासुधा नव्हता. कालवा आला त्या साली युरियाचं पहिलं पोतं गावात आणलं ते रंगरावानं. लोक बांधावर उभं राहून हसले होते. रानात मीठ टाकतोय म्हणाले, रान करपणार म्हणाले. महिन्याभरात हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. असा हिरवागार गहू त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. आसपासच्या गावांतून बैलगाड्या जोडून माणसं बघायला आली. तालुक्याच्या पीकस्पर्धेत ढाल मिळाली. शेतकी खात्यातल्या साहेबांची जीप दारात थांबायला लागली, आणि गावानं त्याचं नाव ठेवलं युरियाराव. चेष्टेनं ठेवलं होतं, पण ह्याला ते मानाचं वाटलं. मिशीला पीळ दिला आणि मिरवलं.

खोटं कशाला बोला, त्या पोत्यानं गावाची पोटंही भरली. कण्या शिजवून खाणारी घरं पोळी खायला लागली. पोत्याला नावं ठेवायचं काही कारण नव्हतं.

"माती आनलीस?" आप्पानं विचारलं.

रंगरावानं पिशवीतून दोन पुड्या काढल्या. आप्पानं तसा निरोपच धाडला होता. रानातली माती आण आणि रानात टाकतोस ते पण आण, दोन्ही मूठमूठभर. एका पुडीत माती होती, दुसरीत युरियाचे पांढरेशुभ्र दाणे.

आप्पानं मातीचं ढेकूळ उचललं. बोटांनी दाबलं. फुटेना. दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचलं, तेव्हा चुरा झाला. त्यातली चिमूट त्यानं जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

रंगराव पुढं झुकून बघत राहिला. एवढा शिकलेला, एवढ्या साहेबांबरोबर चहा प्यायलेला माणूस, पण त्या घडीला निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा बसला होता.

आप्पा थुंकला.

"खारट आहे?" रंगरावानं विचारलं.

"न्हाई."

"आंबट?"

"न्हाई."

"मग?"

आप्पानं हातावरचा चुरा झटकला.

"ह्यात कुनी न्हाई," तो म्हणाला.

रंगरावाचा चेहरा उजळला. निदान काहीतरी हाती लागलं होतं. "म्हणजे गांडुळं! बरोबर. मीही तेच म्हणतो. माती परीक्षणाच्या रिपोर्टातही तेच आलंय, सेंद्रिय कर्ब एकदम कमी. जिवाणू नाहीत. म्हणूनच शेणखत घाला म्हणून खाली लिहून दिलंय."

"मग घाल की."

"कुठून घालू? बैल विकले, ट्रॅक्टर आला तेव्हाच. एक गाय होती. तीही काढून टाकली, ती गेल्यावर."

"ती कोन?"

रंगरावानं खिशातलं पेन उगीच चाचपलं.

"अनसूया," तो म्हणाला.

चार वर्षं झाली होती. पण बायकोचं नाव तोंडातून काढायचा प्रसंगच त्याच्यावर येत नसे. कुणापाशी काढणार? दोन्ही पोरी लग्न होऊन लांब गेल्या होत्या. गोठ्यात जिथं गाय बांधायचे तिथं आता युरियाची पोती आढ्यापर्यंत रचलेली होती. सकाळी दार उघडलं की पोत्यांचा तो उग्र वास यायचा, आणि रंगराव उंबऱ्यातच थांबायचा. हाक मारावी असं आत काही नव्हतं.

"घरी कोन असतं तुझ्या?"

"कोण नाही."

"आनि रानात?"

"रानात कशाला कोण लागतंय, आप्पा? घरातून बटण दाबलं की मोटार चालू. खुरपायला बाई नको, फवारणी आहे. कापायला मशीन येतं, दोन तासांत उरकून जातं."

"आनि हे?" आप्पानं युरियाच्या पुडीकडं हनुवटी केली.

"ते मीच. घमेलं घ्यायचं, फेकत चालायचं. अर्ध्या तासात एकर. घमेलं रिकामं झालं की घरी." हे सांगताना त्याच्या आवाजात जुना तोरा परत आला. "बापाच्या वेळी ह्याच रानात पंधरा माणसं राबायची. आज मी एकटा सगळं बघतो. एकटा."

शेवटचा शब्द त्यानं मोठ्यानं म्हटला होता. म्हटल्यावर त्याचा त्यालाच कसासा लागला.

आप्पानं दाढेखालची तंबाखू दुसऱ्या गालात सरकवली.

तिकडं चुलीपाशी आप्पाची सून बायजा भाकरी थापत होती. तिची पाठ ह्यांच्याकडं होती, पण कान इकडं होते. भाकरी थापायचा आवाज मधूनच थांबत होता.

रंगराव ज्या कामासाठी आला होता ते अजून त्यानं तोंडातून काढलंच नव्हतं. आठ कोस तो माती चाखवायला आला नव्हता. रानाला काय हवंय ते त्याला रिपोर्टावरून केव्हाच कळलं होतं. त्याला मेंढरं हवी होती. पुढच्या पेरणीआधी ती मेंढरं रानात बसली तर बसली. नाहीतर ते रान, बापानं दगड वेचून केलेलं, हातचं जाणार होतं. आणि त्या रानाशिवाय आता त्याला दुसरं कोणी नव्हतं.

पण मागायचं कोणत्या तोंडानं?

पंचवीस वर्षांमागं हाच आप्पा, हाच वाडा घेऊन, त्याच्या बांधावर येऊन उभा राहिला होता. दरसाल यायचा. रंगरावाच्या आज्याच्या वेळेपासून आप्पाच्या बापाची मेंढरं त्या रानात बसत होती. सांगावा धाडायचीही गरज नसे. होळी झाली की मेंढरं येणार, हे दोन्ही घरांना ठाऊक. पहिल्या सांजेला घरची बाई भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन रानात जाणार, एडक्याच्या कपाळाला हळद लावणार, मग वाघर ठोकायची. असं सगळं ठरलेलं.

त्या वर्षी रंगरावानं त्यांना बांधावरच थांबवलं.

"आता गरज नाही," तो म्हणाला होता. "पोतं आलंय. तुमची कुत्री नकोत, तुमचा दंगा नको. एका पोत्यात तुमच्या हजार मेंढ्यांचं काम होतं."

आणि वर साहेबी थाटात चहा मागवून दिला होता. बांधावरच.

अनसूयेनं तोवर वीस भाकऱ्या थापून पाटीत रचल्या होत्या. ती निघाली तेव्हा त्यानं दारात अडवलं. उगीच त्यांना आशा लावू नकोस म्हणाला. ती उलट बोलली नाही. ती कधीच बोलत नसे. पाटी तिनं तशीच ठेवली आणि सांज झाल्यावर एकेक भाकरी मोडून गाईला घातली. रंगराव ओसरीवर बसून ढाल पुसत होता. त्याला ते दिसलं होतं आणि त्यानं न दिसल्यासारखं केलं होतं.

आज ते आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की माणूस जास्त बोलतो. रंगराव शास्त्र बोलायला लागला.

"तसं बघितलं तर, आप्पा, युरिया काही परका नाही. तुमच्या मेंढीच्या मुतात काय असतं? युरियाच असतो. कारखान्यात करतात तो आणि मेंढी करते तो, रसायन एकच. साहेबांनी मला फळ्यावर काढून दाखवलंय."

आप्पानं पहिल्यांदा त्याच्याकडं तोंड वळवलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरोखरचं नवल होतं.

"खरं सांगतोस?"

"शपथेवर."

"येकच?"

"एकच. काडीचा फरक नाही."

"मेंढीच्या पोटात कारखाना हाय म्हन की." आप्पा गालातल्या गालात हसला. "आनि आमी इतकी वर्सं तिला नुसती हाकतोय."

चुलीपाशी बायजा पण हसली. रंगरावालाही हसू आलं. बऱ्याच दिवसांत तो दुसऱ्या कुणाबरोबर हसला नव्हता.

मग आप्पा उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"चल," तो म्हणाला. "ती पुडी घे. बायजे, तांब्या दे गं पान्याचा."

वाघरीचा एक दोर वर उचलून तो आत शिरला. रंगराव मागून वाकला. इस्त्रीचा सदरा जाळीत अडकला आणि खिशातलं पेन खाली पडलं. ते त्यानं लेंड्यांतून उचलून पुसलं. मेंढरं अंग चोरून बसली होती. नव्या माणसाच्या वासानं दोन-चार उठली, फुरफुरली, परत बसली.

मध्यावर येऊन आप्पा थांबला. तिथं एक म्हातारी मेंढी पाय दुमडून बसली होती.

"डावा हात कर म्होरं."

रंगरावानं हात पुढं केला. आप्पानं त्याच्या तळव्यावर पुडी उलटी केली. पांढरे दाणे हातात सांडले. त्यावर आप्पानं तांब्यातलं थोडं पाणी ओतलं.

"मूठ मीट."

रंगरावानं मूठ मिटली.

पंचवीस वर्षं त्यानं ते दाणे हातानं फेकले होते. पण कोरड्या हातानं, घाईघाईनं, चालता चालता. ते विरघळेपर्यंत हातात धरून तो कधी उभा राहिला नव्हता. आता दाणे पाण्यात विरायला लागले आणि मुठीत गारठा शिरला. साधा गारठा नव्हे. पौषातल्या पहाटे कालव्याच्या पाण्यात हात घालावा तसा बोटांच्या सांध्यांत चढत गेला.

"कसं लागतंय?"

"गार." रंगराव मुठीकडं बघत म्हणाला. "ते... त्याचंही शास्त्र आहे, आप्पा. विरघळताना ते आसपासची ऊब ओढून घेतं."

"बरं."

आप्पानं काठीचं टोक म्हाताऱ्या मेंढीच्या बरगडीला हलकं टेकवलं. मेंढी कुरकुरत उठली आणि बाजूला झाली. ती बसली होती तेवढी माती ओली होती, दबलेली होती, आणि तिच्यातून वाफ निघत होती.

"आता उजवा."

रंगराव थबकला. त्या ओल्या जागेकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं बघितलं.

आप्पानं वाट बघितली नाही. त्याचं मनगट धरलं, त्याला खाली बसवलं, आणि त्याचा तळवा उघडा करून मातीवर दाबला. वरून स्वतःचा हात ठेवला. रखरखीत, जड हात.

माती गरम होती.

नुकतं कुणीतरी अंथरुणातून उठून गेलं असावं तशी ती ऊब होती. रंगरावाला ती ओळखीची वाटली. चार वर्षं त्याच्या घरातली दुसरी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. आता तीच ऊब इथं, लेंड्या-मुताच्या वासात, तीनशे जनावरांच्या मधोमध त्याच्या तळव्याला लागत होती. त्याच्या हातावर एका माणसाचा हात होता. किती दिवसांनी कुणी त्याचा हात धरला होता, हे त्याला आठवेना. डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत, कारण पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

आप्पानंही घाई केली नाही...

सूर्य वर आला. एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं, ते ती सापडल्यावर गप्प झालं.

"काय रं," आप्पानं हळूच विचारलं, "येकच हाय का?"

रंगरावानं दोन्ही हातांकडं आळीपाळीनं बघितलं.

"रसायन एकच आहे," तो शेवटी म्हणाला.

"व्हय," आप्पा म्हणाला. "तू खोटं न्हाई बोलनार."

त्यानं हात उचलला आणि तांब्यातलं उरलेलं पाणी रंगरावाच्या दोन्ही हातांवर ओतलं.

दोघं वाघरीबाहेर आले. रंगराव घोंगड्यावर बसला. या वेळी त्यानं ते झटकलं नाही. साहेबांच्यात बसून बसून शुद्ध झालेली त्याची बोली त्या घडीला कुठं गेली कुणास ठाऊक.

"आप्पा, म्या चुकलो," तो म्हणाला. "तवा तुमास्नी बांधावरनं माघारी लावलं. माज आला होता मला."

"कवाचं सांगतोस?"

"कालवा आला त्या सालचं."

"हां हां, ते." आप्पानं आठवल्यासारखं केलं. "च्या पाजलातास की. साखर ब्येस होती."

"सासऱ्यांस्नी साखर याद हाय," चुलीपासून बायजा म्हणाली.

तिनं पीठ भरलेले हात परातीत तसेच ठेवले होते आणि ती पहिल्यांदा वळून रंगरावाकडं बघत होती.

"मला दुसरंच याद हाय. सातवा म्हयना होता मला. बारा कोस चालून आलो हुतो. अनसूयाबाई भाकरी घेऊन येनार म्हनून वाटंत कुटं चूल मांडली न्हाई. दरसालची रीत, म्हनून. त्या रातीला वाडा रस्त्याच्या कडंला पडला. पीठ हुतं, पानी नव्हतं. तशीच निजले."

तिचा आवाज चढला नव्हता. हवापाण्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"बायजे," आप्पा म्हणाला.

"म्या कुटं काय म्हनते? त्यांनी काढलं, म्या सांगितलं." ती परत भाकरीकडं वळली.

रंगरावाची मान खाली गेली. वीस भाकऱ्या तयार होत्या, हे तरी तिला सांगावं असं त्याला वाटलं. मग वाटलं, ते सांगणं म्हणजे आणखी वाईट.

तरी त्यानं सांगितलं.

"तिनं थापल्या होत्या, बायजाबाई. वीस. पाटी भरून ठिवली होती. म्याच दारात आडकाठी घातली."

बायजाचा हात तव्यावर थांबला.

"मग त्यांचं काय झालं?" तिनं न वळता विचारलं.

"गाईला घातल्या. एकेक मोडून. रडत हुती."

तव्यावरची भाकरी करपायला आली तेव्हा बायजानं ती उलटली. मग पाटीतली दुसरी, चांगली भाजलेली भाकरी घेतली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि ती रंगरावापुढं आणून ठेवली.

"खा," ती म्हणाली. "लांबनं आलाय."

रंगरावानं भाकरी खाल्ली. त्यानं एक तुकडा मागं ठेवला नाही.

मग धीर करून त्यानं ते मागितलं.

"आप्पा, माझ्या रानात मेंढरं बसवा. म्या पाया पडतो. ते रान मेलं तर मला कुटं जायला जागा न्हाई."

आप्पा तंबाखूची पिचकारी टाकून क्षितिजाकडं बघत राहिला. म्हातारा उठून मेंढरांमागं निघून गेला असता तर त्याला बोलायला तोंड नव्हतं.

"हितलं रान परवा सरतंय," आप्पा म्हणाला. "शुक्कुरवारी निगतो. शनवारी तुझ्याकडं."

"याल?"

"येतो म्हनलं की."

रंगराव ताडकन उठला. अंगात वारं शिरल्यासारखं झालं त्याला. साठीचा माणूस, पण एका दमात सगळी योजना मांडायला लागला. वरच्या तुकड्यापासून सुरुवात करू, तिथली माती जास्त घट्ट आहे. पाण्याचा टँकर बांधावर उभा करतो. धान्याची काळजी नको, घरात पडून आहे, लागेल तेवढं न्या. भाकरी करणारी एक बाई गावातून सांगतो, सांजेला पाटी पोचती करील. एडक्याला हळदसुद्धा लावून घेऊ, रीत आहे तर रीत. बोलता बोलता त्याची बोली परत शुद्ध झाली होती आणि खिशातलं पेनही बाहेर आलं होतं.

"तुम्हाला कसलाही त्रास पडू देणार नाही, आप्पा. सगळी व्यवस्था चोख असेल. तुम्ही फक्त वाघर ठोका आणि मेंढरं बसवून टाका. मी सकाळी उजाडलं की येऊन बघून जाईन."

आप्पा गेला आणि वाघरीच्या खुंट्या उपटायला लागला. दोर ढिला झाला तशी मेंढरं उठली, अंग झाडलं आणि धूळ उडवत बाहेर पडली. कुत्री पुढं पळाली. बायजानं चूल विझवली. रंगराव मोटारसायकलपाशी गेला, रिकाम्या पुड्या त्यानं पिशवीत कोंबल्या आणि किक मारायला पाय उचलला.

मागून हँडलवर एक रखरखीत हात पडला.

आप्पा जवळ येऊन उभा होता. त्यानं रंगरावाकडं बघितलं. रंगराव गावात कुणाचा बापू होता, कुणाचा युरियाराव, कुणाचा मालक. ज्या नावानं आता त्याला जगात कुणी हाक मारत नव्हतं, त्या नावानं म्हातारा बोलला.

"मेंढरं येत्याल, रंगा," तो म्हणाला. "तू कुटं निजनार?"